सहीनिशी पोचलं

प्रिय बारके,

पत्र बघून दचकू नकोस. दर रविवारी फोन होत असताना ताईनं एवढी पानं कशाला खरडली, असं तुला वाटेल. फोनवर मला जमत नाही गं. तू विचारतेस, "काय, कसं चाललंय काम?" आणि माझ्या तोंडून "छान चाललंय" आपोआप निघून जातं. मग तू हसतेस, मी हसते आणि पुढचा आठवडा निभावतो. तेव्हा आधी तेवढं एक खोटं निस्तरते. काम छान चाललेलं नाही. काम बंद आहे. वर्ष होऊन गेलं, या घरातून एकही पिल्लू बाहेर गेलेलं नाही.

तुझ्या खोलीत मी फारशी जात नाही. खिडकीखालच्या फळीवर बुटांचे खोके तू लावून गेलीस तसेच आहेत, मापाप्रमाणे. गव्हाळ, सावळ्या, गोऱ्या रंगाच्या दोऱ्याचे गुंडे टोपलीत आहेत, त्यांच्यावर धूळ बसू नये म्हणून मी जुना टॉवेल टाकलाय आणि आता त्या टॉवेलवर धूळ बसलीय. तयार झालेली तेवीस पिल्लं पडून आहेत. ज्यांनी मागवली होती त्यांना सुरुवातीला मी "काम तूर्त बंद आहे" असं कळवलं. पुढे पुढे पत्रं उघडायचंही सोडलं. पिठाच्या रिकाम्या डब्यात टाकते आणि झाकण दाबून लावते. तू म्हणशील, ताई, तू? जिच्या टेबलावर ऑफिस सुटायच्या वेळेला एक कागद शिल्लक राहायचा नाही ती? हो, तीच.

सुरुवातीचे दिवस मला फार आठवतात. तुझं छातीचं ऑपरेशन होऊन दोनेक महिने झाले होते. दवाखान्यातून दिलेलं ते सिलिकॉनचं जड प्रकरण तू आठवडाभर वापरलंस आणि एक दिवस जेवता जेवता कपड्यातून काढून सरळ ताटाशेजारी ठेवलंस. "हे घालून फिरणं म्हणजे खिशात दगड घालून फिरणं," म्हणालीस. मी ओरडले, अगं, जेवणाच्या टेबलावर! आणि मग आपण दोघी इतक्या हसलो की तुझी टाक्यांची जागा दुखायला लागली. त्याच आठवड्यात तू क्रोशाची सुई काढलीस. पहिलं झालं ते टोपीसारखं, दुसरं मोज्याच्या टाचेसारखं. तिसऱ्या खेपेला जमलं. सुती दोरा, आत उशीत भरतात तो मऊ कापूस, हातात घेतलं तर वजन लागू नये आणि अंगात घातलं तर कुणाला शंका येऊ नये. तू तपासणीला गेलीस तेव्हा नर्सनं ते उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाली, माझ्या वॉर्डात सहा जणी आहेत हो. सहाच्या साठ झाल्या, मग गावोगावच्या बाया लिहू लागल्या. त्याचं खरं नाव दोघींच्याही तोंडातून निघेना, म्हणून तू म्हणालीस, पिल्लू म्हणू, ऊबदार लागतं ना हातात. "आज चार पिल्लं पाठवली!" हे तू जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचीस. खालच्या भाजीवालीला वर्षभर वाटत होतं की आपण मांजरं पाळतो. "एक मलाही द्या की, उंदरांनी जीव नकोसा केलाय," असं ती म्हणाली त्या दिवशी तू पिशवी तिथंच टाकून वर पळाली होतीस.

पाठवायचं कसं, याचा तू कधी घोळ घातला नाहीस. साधं टपाल. मंगळवारी आणि शुक्रवारी खाकी कागदात गुंडाळलेली पाकिटं घेऊन तू पोस्टात रांगेत उभी राहायचीस. पाकिटावर घेणारीचं नाव आणि पत्ता, मागे आपला घर नंबर, बस्स. खिडकीमागच्या चष्मेवाल्यानं एकदा विचारलं, आत काय आहे? तू म्हणालीस, कापूस. त्यात खोटं काहीच नव्हतं. पाकीट मऊ असायचं, दाराच्या फटीतून आत सरकायचं, कुणाला हाक नाही, कुणाची सही नाही. आठ दिवसांनी, दहा दिवसांनी एखादीचं पत्र यायचं, "मिळालं. आज खूप दिवसांनी बाहेर गेले."

मग मी निवृत्त झाले आणि तुझ्या कारभारात नाक खुपसलं. एकतीस वर्षं आवक-जावक विभागात काढलेली बाई मी. आलेल्या कागदाला नंबर, गेलेल्या कागदाला नंबर, पोच आल्याशिवाय नोंद मिटवायची नाही. आणि इथं तू शंभरातली चार-पाच पाकिटं वाटेत गडप होतात हे मान्य करून बसलेली. मला ते सहनच होईना. मी मोठा कागद घेतला, रकाने पाडले. साधं टपाल, रजिस्टर, पोस्टाचीच जलद सेवा, आणि खाजगी कुरिअर. किती दिवस लागतात, किती वजनापर्यंत, पोच मिळते का, हरवलं तर दाद कुठे मागायची, घरी येऊन नेतात का. नुसतं लिहून माझं समाधान होईना म्हणून मी नव्या मोज्यांचे दोन जोड आणले आणि चार मोजे चार पाकिटांत घालून एकाच दिवशी चार मार्गांनी माझ्या जुन्या हेडक्लार्कबाईंना पाठवले. कुरिअरचा मोजा दुसऱ्या दिवशी पोचला. जलद सेवेचा तिसऱ्या दिवशी. रजिस्टरच्या वेळी बाई घरी नव्हत्या, म्हणून त्यांना पोस्टात जाऊन सही करून एक मोजा सोडवून आणावा लागला. साध्या टपालाचा अकराव्या दिवशी आला आणि एका कोपऱ्यात ओला होता. बाईंचा फोन आला, "अहो, तुमची तब्येत बरी आहे ना?" तू आठवडाभर येता-जाता हसत होतीस.

पण कागद मी भिंतीवर लावला आणि कुरिअरच्या रकान्याखाली लाल रेघ ओढली, तेव्हा तू हसली नव्हतीस. ओट्याशी उभी राहून तू तो सगळा नीट वाचलास. म्हणालीस, "ताई, पाकीट हरवलं तर मी दुसरं विणेन. कुणाला कळलं तर मी काय विणू?" मी म्हटलं, कळायचंय काय त्यात, बंद पाकीट तर असतं. तू म्हणालीस, "कुरिअरवाला आधी फोन करतो. दाराशी नाव घेऊन हाक मारतो. सही मागतो. घरात असेल तो सही करतो. तुझ्या कागदात दार कोण उघडतं त्याचा रकाना नाही." मला राग आला. खरं सांगते, फार राग आला. एवढी मेहनत घेऊन केलेलं काम, आणि तू एका वाक्यात त्याला भोक पाडलंस. मी कागद भिंतीवरून काढला, पण फाडला नाही.

पुढे तुझा खांदा दुखायला लागला, नातवंड झालं, आणि लेक तुला घेऊन गेला. काम तू माझ्या हाती दिलंस. माझी पिल्लं सुरुवातीला बटाट्यासारखी व्हायची, ती हळूहळू गोल झाली. कितीतरी महिने मी तुझ्याच पद्धतीनं गेले, मंगळवार-शुक्रवार, रांग, चष्मेवाला. मग एका महिन्यात तीन पाकिटं हरवली. त्यातली दोन एकाच बाईची. तिनं लिहिलं, "आता तिसऱ्यांदा मागवत नाही, माझ्या नशिबातच नसेल." बारके, ते पत्र वाचून मी तो जुना कागद कपाटातून काढला. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस ते मला ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाही. कुरिअर चालू केलं. मग एकही पाकीट हरवेना. मी रोज पावतीचा नंबर टाकून बघायची, "पोचलं, पोचलं, पोचलं." नोकरीत असताना वाटायचं तसं पुन्हा वाटायला लागलं. आतल्या वस्तूचं वर्णन लिहायच्या ओळीत मी "विणलेली वस्तू" लिहायची आणि ते चालून जायचं.

गेल्या वर्षी एका बुधवारी एका बाईचं पत्र आलं. कापडाच्या दुकानात काउंटरवर काम करणारी. तिनं लिहिलं होतं की ऑपरेशन होऊन नऊ आठवडे झाले, येत्या सोमवारी कामावर हजर व्हायचंय. गिऱ्हाइकाला कापड दाखवायचं म्हणजे तागा उलगडून स्वतःच्या खांद्यावरून खाली सोडून दाखवावं लागतं, सगळ्यांची नजर तिथंच असते. म्हणून सोमवारच्या आत मिळालं तर उपकार होतील. आणि खाली आणखी चार ओळी होत्या. त्या मला पाठ आहेत. "पाकिटावर कृपया काही लिहू नका. माझी मुलगी दहा वर्षांची आहे. माझी आई याच आजारानं याच घरात गेली, ते तिनं जवळून बघितलंय. तिला मी पोटाचं ऑपरेशन झालं असं सांगितलंय. सांगणार आहे, पण माझ्या तोंडानं."

तिला लवकर हवं होतं आणि गुपचूप हवं होतं. साध्या टपालानं सोमवार गाठणं शक्यच नव्हतं. मी गुरुवारी सकाळी कुरिअरच्या ऑफिसात गेले. नेमका त्याच आठवड्यात त्यांचा नवा नियम आला होता, वर्णन मोघम चालणार नाही, यादीतूनच निवडायचं. काउंटरवरच्या बाईनं विचारलं, "विणलेली म्हणजे नक्की काय?" मागे चार माणसं उभी होती. मी वाकून हळूच खरं सांगितलं. तिनं यादीत शोधलं, कळ दाबली, आणि यंत्रातून पांढरी पट्टी बाहेर आली. नाव, पत्ता, वजन, आणि खाली ठळक अक्षरांत "वैद्यकीय वस्तू: कृत्रिम स्तन". मी म्हटलं, एवढं खोडता येईल का? ती म्हणाली, खाडाखोड केलेली पट्टी पुढे घेत नाहीत, पाकीट परत येईल.

मला कळलं नाही, असं म्हणायची सोय नाही गं. मी चष्मा लावून ते वाचलं. पाकीट उचलून घरी आणता आलं असतं. त्या बाईला फोन करून विचारता आलं असतं, की असं असं आहे, पाठवू की नको? तिचा नंबर पत्रात होता. पण मला वाटलं, पट्टीवरचं बारीकसारीक कोण वाचत बसतं. आणि त्याच्याही खाली मनात काय होतं ते सांगू? दोन दिवसांत, सहीनिशी, तिच्या सोमवारच्या आत पोचवून दाखवायचं होतं मला. तुला दाखवायचं होतं. तू तिथं नव्हतीस, तरी तुलाच.

रविवारी दुपारी तिचा फोन आला. आवाज अगदी साधा, दबकत बोलणारा. "ताई, अजून आलं नाही हो. उद्या सोमवार." मी मोठ्या ऐटीत नंबर टाकला आणि म्हटलं, "कालच पोचलंय. दुपारी सव्वातीनला. सही आहे." ती म्हणाली, "काल दुपारी मी तपासणीला गेले होते. हे कामावर होते. सही कुणाची?" मी म्हटलं, थांबा, सहीचा फोटोच पाठवते तुम्हाला. म्हणजे माझ्याकडे कशी पक्की पोच असते ते तिलाही कळेल. मी फोटो उघडला आणि तिला पाठवला. सही कसली, सबंध नाव होतं ते. घोटून घोटून काढलेलं, प्रत्येक अक्षर रेघेवर बसवलेलं, आणि नावापुढे, वहीवर घालतात तसं, "इयत्ता पाचवी, तुकडी ब". मला क्षणभर हसू आलं. पलीकडून ती एवढंच "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

तीन आठवड्यांनी तिचं पत्र आलं. ते मी तुझ्यासाठी उतरवून काढायला बसले होते, पण थोडक्यात सांगते. कुरिअरवाल्यानं दारातच विचारलं, घरात कुणी मोठं आहे का? पोरगी म्हणाली, मीच आहे, द्या, मला सही येते. तिला सही करायला मिळाली याचा आनंद झाला असणार. मग तिनं पट्टी वाचली. कृत्रिम म्हणजे काय ते तिला माहीत होतं, कृत्रिम उपग्रहांचा धडा झाला होता. पुढचा शब्द तिनं आजीच्या वेळी ऐकलेला होता. तिनं पाकीट उघडलं नाही, कुणाला दाखवलं नाही, दप्तरात पुस्तकांखाली घालून ठेवलं. रात्रभर आईशेजारी झोपली आणि एक अक्षर बोलली नाही. माझ्याशी फोन झाल्यावर आईनं तिला जवळ बोलावलं, तेव्हा तिनं दप्तर उचलून आईपुढे आणून ठेवलं आणि विचारलं, "तू केव्हा मरणार आहेस?"

त्या बाईनं लिहिलं होतं, "महिनाभर मी एक वाक्य तयार करत होते. तिला भीती वाटू नये असं. भांडी घासताना म्हणून बघायची. त्याच रविवारी संध्याकाळी सांगायचं ठरलं होतं. आता ते वाक्य कशाच्याच कामाचं राहिलं नाही. आता मी काहीही सांगितलं तरी ती म्हणते, खरं सांग. भूक नाही म्हटलं तरी खरं सांग, पाऊस थांबलाय म्हटलं तरी खरं सांग. डॉक्टरांनी रिपोर्ट चांगला आहे म्हटलं तर तिनं त्यांच्या हातून कागद घेऊन स्वतः वाचला. तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही वेळेत पाठवलंत. वस्तू फार छान आहे. सोमवारी घालून कामावर गेले, कुणाला काही कळलं नाही."

शेवटचं वाक्य वाचून मी तुझ्या खोलीत जाऊन जमिनीवर बसले. दुसऱ्या दिवशी मी त्या कुरिअरच्या ऑफिसात गेले. काय करायला गेले होते कोण जाणे. साहेब सभ्य होता. त्यानं नंबर टाकून बघितलं, म्हणाला, "ताई, पाकीट वेळेत पोचलंय. फाटलेलं नाही. सही आहे. मग तुमची तक्रार काय आहे?" त्यांच्या फॉर्मवर उशिराचा रकाना होता, गहाळ झाल्याचा होता, मोडतोडीचा होता. माझ्या तक्रारीचा नव्हता. मी नमस्कार करून बाहेर आले. घरी येऊन सुई हातात घेतली तर टाका कुठं घालायचा तेच सुचेना. त्यानंतर मी विणलेलं नाही. तिला उत्तर लिहायला चार वेळा बसले. माफ करा एवढे दोन शब्द लिहिले की पुढे काही नाही. शेवटी पाठवलंच नाही. मी, जावक विभागातली, एका पत्राला उत्तर देऊ शकले नाही. आणि तू रविवारी विचारायचीस, कसं चाललंय काम, आणि मी म्हणायची छान. तुझ्या हातातून घेतलेली गोष्ट मी वर्षाच्या आत मारून टाकली, हे तुला कुठल्या तोंडानं सांगणार होते?

गेल्या मंगळवारी दाराच्या फटीतून एक पाकीट आत आलं. डब्यात टाकणारच होते, पण अक्षर बघून थांबले. घोटून काढलेलं, रेघेवर बसवलेलं. नावाच्या जागी "पाठवणाऱ्या बाईंना" असं लिहिलेलं. आत वहीचं एक पान होतं. आई चार महिन्यांपूर्वी वारली, असं पहिल्याच ओळीत होतं. मला तेव्हा कळलं, बारके. चार महिने ती बाई या जगात नव्हती आणि मी मनात तिला उत्तरं लिहीत होते. पोरीनं लिहिलं होतं, "डॉक्टर म्हणायचे बरी होईल. बाबा म्हणायचे बरी होईल. आईपण म्हणायची. मला माहीत होतं. तुमच्या पाकिटात एक चिठ्ठी होती. ती आईनं तिच्या कपाटात आतून लावली होती. तिच्यावर लिहिलंय, मलाही हे ऑपरेशन झालं होतं, दहा वर्षं झाली, मी मजेत आहे, तुम्हीही व्हाल, विणणारी. ही बाई खरंच आहे का, की तुम्ही सगळ्यांनाच असं लिहून पाठवता? असली तर अजून आहे का? मजेत आहे का? माझी आजी आणि आई दोघी गेल्या म्हणून विचारते. खरं सांगा. मी आता सहावीत आहे."

तुझी चिठ्ठी. तू प्रत्येक पाकिटात हातानं लिहून घालायचीस, आणि तू लेकाकडे गेल्यावर मी तिच्या प्रती काढून ठेवल्या होत्या. त्यातला वर्षांचा आकडा तेवढा बदलला होता. ते पान घेऊन मी टेबलाशी बसले आणि वर्षात पहिल्यांदा मला काही लिहावंसं वाटलं. कारण या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. मी लिहिलं, "बाळा, हो, ती बाई आहे. ती माझी सख्खी धाकटी बहीण आहे. अकरा वर्षं झाली." ठरवलं की रविवारी तुला सगळं सांगायचं, तुझ्याकडून दोन ओळी लिहून घ्यायच्या, नातवाला कडेवर घेतलेला तुझा फोटो मागवायचा आणि तिला पाठवायचा. तिला डोळ्यांनी बघू दे की यातून उठलेली बाई अशी दिसते, अशी हसते. म्हटलं, एवढं तरी माझ्या हातून नीट होऊ दे. पत्र अर्धं ठेवून मी निजले, आणि कितीतरी दिवसांनी मला झोप लागली.

शनिवारी तुझ्या लेकाचा फोन आला. तुला न सांगता केला होता, त्याच्यावर रागावू नकोस, रडत होता बिचारा. तुझा खांदा म्हणजे खांदा नव्हता, हे मला त्यानं सांगितलं. हाडात उतरलंय, यकृतातही आहे, दोन महिन्यांपासून तुला ठाऊक आहे आणि औषधं आता फक्त दुखणं कमी करण्यापुरती आहेत, हेही सांगितलं. "आई म्हणते, ताईला कळवू नका, तिचं काम छान चाललंय, तिथं ती रमलीय." बारके, म्हणजे दर रविवारी तू तिकडून खोटं बोलत होतीस आणि मी इकडून. काल रविवारी तू विचारलंस, "काय, कसं चाललंय काम?" आणि मी पुन्हा म्हटलं, छान. तू म्हणालीस, मीही मजेत आहे. फोन ठेवल्यावर मी हे लिहायला बसले, कारण तुझ्यासमोर उभी राहिले की मला एवढं सगळं बोलता येणार नाही आणि तुझ्या उशाशी बसून 'छान' तर मुळीच म्हणता येणार नाही. त्या पोरीचं पत्र टेबलावर तसंच अर्धं पडलंय. अकरा वर्षं झाली, याच्यापुढे पूर्णविराम दिलाय आणि लेखणी तिथंच थांबलीय. खोटं लिहवत नाही, आणि खरं लिहायला हात उचलत नाही. तिला काय कळवायचं ते तूच सांग, तुझ्याशिवाय कुणाला ते सांगता येणार नाही. काही सांगता आलं नाही तरी चालेल. मी शुक्रवारच्या गाडीनं निघतेय, परतीचं तिकीट काढलेलं नाही. तू उठून दार उघडायला येऊ नकोस.

तुझ्याकडे यायला निघालेली, तुझीच
ताई